कृमीचं पुढचं घर

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा तो माणसांत कसा पोचतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हवा, ओल, धान्याची कोठारं, गरिबांची घरं, सगळ्यांवर संशय होता. पुढच्याच वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, पण त्याचं म्हणणं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत बसून प्रश्नाचा निकाल लावला. प्लेगच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतले गिनीपिग मेले. पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले वाचले.

त्या पिसवेला शास्त्रीय नाव मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९०३ साली ते दिलं लंडनच्या चार्ल्स रॉथशिल्ड यांनी. पेशाने बँकर, पण ओढा पिसवांकडे. सुदानमध्ये मिळालेल्या या जातीला त्यांनी ग्रेट पिरॅमिड बांधणाऱ्या चिऑप्स राजाचं नाव चिकटवलं. आज ती 'झेनोप्सिला चिऑपिस' म्हणून ओळखली जाते. उंदरावरून माणसावर प्लेग आणणारी पिसू म्हणजे मुख्यतः हीच.

चार्ल्स यांची थोरली मुलगी मिरिअम. जन्म १९०८. वडिलांनी पिसवांना नावं दिली. मुलीने आयुष्यभर वेगळाच प्रश्न धरून ठेवला: हा जीव इथून पुढे कुठे जातो? माझ्या मते परजीवींच्या अभ्यासातला खरा अवघड प्रश्न हाच आहे. नाव देण्यासाठी एक मेलेला नमुना पुरतो. पुढचा पत्ता शोधायचा तर दोन-तीन वेगवेगळे प्राणी जिवंत ठेवून त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बघत बसावं लागतं.

मिरिअमला शाळेत घातलंच नव्हतं. घरात फुलपाखरं, बिटल्स, पिसवा आणि काका वॉल्टर यांचं ट्रिंग गावातलं प्राणिशास्त्राचं संग्रहालय. पंधराव्या वर्षी वडील गेले. पुढे सतराव्या वर्षाच्या सुमारास संध्याकाळच्या वर्गांना जाऊन थोडं प्राणिशास्त्र पदरात पाडून घेतलं. रीतसर पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. ऑक्सफर्डसह आठ विद्यापीठांनी नंतर मानद डॉक्टरेट दिल्या, तो भाग वेगळा. रॉथशिल्डांच्या घरात पैशाची ददात नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पदवीवाचून आणि नोकरीवाचून संशोधन करत राहण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही.

१९३०च्या दशकात त्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत काम करू लागल्या. विषय पर्णकृमी, म्हणजे पानासारखे चपटे परजीवी. यातला एक त्यांचा विशेष आवडता दिसतो: 'क्रिप्टोकोटिली लिंग्वा'. याचं आयुष्य तीन घरांत चालतं. प्रौढ कृमी कुरव पक्ष्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून किनाऱ्यावर पडतात. खडकांवरचं शेवाळ खाणारी समुद्री गोगलगाय ती गिळते. तिच्या पोटात एका अंड्यातून निघालेला डिंभ, म्हणजे कृमीचं अळीसारखं बाल्यरूप, नर-मादीच्या भानगडीत न पडता स्वतःच्याच प्रती काढत सुटतो. मग शेपटीवाले बारीक डिंभ गोगलगायीतून बाहेर पडतात, पाण्यात पोहतात आणि माशाच्या कातडीत घुसतात. मासा त्यांच्याभोवती काळं रंगद्रव्य साचवतो, म्हणून अंगावर काळी मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. असा मासा कुरवाने खाल्ला की वर्तुळ पुरं.

मराठी पुस्तकांत परजीवीला पोसणाऱ्या प्राण्याला 'पोशिंदा' म्हणतात. शेतकऱ्यासाठी राखून ठेवलेला हा शब्द गोगलगायीला लावताना जरा अडखळायला होतं, पण ती किती पोसते ते पाहा. मिरिअमबाई आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने कृमी झालेली एक गोगलगाय टाकीत एकटी ठेवली, नवी लागण होणार नाही अशा बेताने. ती पाच वर्षांनंतरही रोज शेकड्यांनी डिंभ सोडत होती. १९४० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. हा आकडा थक्क करणारा वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. पाण्यात सोडलेल्या डिंभांपैकी बहुतेकांना मासा भेटतच नाही, आणि मासा भेटलेल्यांपैकी बहुतेकांचा मासा कुरवाच्या तोंडी लागत नाही. तीन घरं गाठायची तर लाखोंनी पत्रं टाकावी लागतात.

दुसरं निरीक्षण चिखलात राहणाऱ्या 'पेरिंजिया' नावाच्या इवल्याशा गोगलगायीचं. काही नमुने इतरांपेक्षा बरेच मोठे निघत. ती वेगळी जात असावी, असं कोणालाही वाटलं असतं. मिरिअमबाईंनी त्या फोडून पाहिल्या तर आत पर्णकृमी. कृमी गोगलगायीची जननग्रंथीच खाऊन टाकतो. अंडी घालण्याचा खर्च वाचला की ती शक्ती अंग वाढवण्याकडे वळत असावी, असा त्याचा अर्थ लावतात. यजमानिणीचा वंश बुडवायचा आणि शरीर मात्र धष्टपुष्ट ठेवायचं, कारण घर टिकलं पाहिजे. वाचताना अंगावर काटा येतो खरा, पण यात क्रौर्य शोधू नये. कृमीला गोगलगाय मेलेली चालत नाही, इतकंच.

दुसऱ्या महायुद्धात प्लिमथवर बाँब पडले आणि सात वर्षांचं काम, नोंदी आणि जिवंत प्राण्यांसकट, गेलं. मिरिअमबाई काही काळ ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडणाऱ्या चमूत होत्या. युद्ध संपल्यावर त्या पर्णकृमींऐवजी वडिलांच्या पिसवांकडे वळल्या. ब्रिटिश म्युझियममधल्या त्या प्रचंड संग्रहाची सचित्र सूची त्यांनी जी. एच. ई. हॉपकिन्स यांच्यासोबत करायला घेतली. पहिला खंड १९५३ मध्ये आला, पाचवा १९७१ मध्ये. मधल्या वर्षांत घरात सहा मुलं. पिसवा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून निजायच्या खोलीत ठेवलेल्या, म्हणजे मुलांचा हात लागायला नको.

सूचीकाम म्हणजे नाव देण्याचंच काम, आणि ते कमी लेखून चालत नाही. आपल्याकडेही ते मन लावून झालं आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी १९८०च्या आसपास वाम माशाच्या आतड्यातले पट्टकृमी तपासून 'सेंगा गोदावरी', 'सेंगा औरंगाबादेन्सिस', 'सेंगा पैठणेन्सिस' अशा जाती नोंदवल्या. इथली नदी आणि गावं लॅटिन प्रत्यय लावून जगाच्या सूचीत जाऊन बसली. पण वामीच्या पोटात शिरण्याआधी हा कृमी कोणाच्या पोटात होता, हे विचारायला टाकी लागते, वेळ लागतो आणि निकाल न लागण्याची तयारी लागते.

ती तयारी मिरिअमबाईंची होती, हे सशाच्या पिसवेने दाखवलं. १९५३ साली ब्रिटनमध्ये मिक्झोमॅटोसिस हा सशांचा जीवघेणा रोग आला. ऑस्ट्रेलियात तो डासांनी पसरला होता, ब्रिटनमध्ये मुख्यतः पिसवांनी. म्हणून ही पिसू पाळून अभ्यासायची ठरली, पण काही केल्या ती प्रयोगशाळेत अंडीच घालेना. १९६० साली मीड-ब्रिग्ज या संशोधकांनी दाखवलं की पिसवेची अंडी फक्त गाभण सशिणीचं रक्त पिऊन पिकतात. का, हे मिरिअमबाई आणि बॉब फोर्ड यांनी पुढे उलगडलं. सशीण महिनाभर गाभण असते. तिच्या शेवटच्या दहाएक दिवसांत रक्तातली संप्रेरकं बदलतात, आणि तिच्या कानांना घट्ट चिकटून बसलेल्या पिसवांची अंडाशयं वाढू लागतात. गाभण नसलेल्या सशांना तसली संप्रेरकं टोचली तेव्हा त्यांच्या अंगावरच्या पिसवाही पिकल्या. सशीण व्याली की काही तासांत पिसवा कानांवरून तिच्या तोंडाकडे सरकतात आणि ती पिल्लांना चाटत असतानाच त्यांच्या अंगावर उतरतात. पिल्लांवर बसून रक्त पितात, जुगतात आणि बिळातल्या मऊ गादीत अंडी घालतात. पिसवेच्या अळीला राहायला नेमकी तीच जागा हवी.

कीटकाचं प्रजनन दुसऱ्याच प्राण्याच्या संप्रेरकांच्या तालावर चालतं, हे तोवर कोणी दाखवलेलं नव्हतं. सशिणीला दिवस गेल्याची बातमी तिच्या कानावरच्या पिसवेला आतून कळते. १९८५ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिलं.

त्यांचं सगळंच बरोबर निघालं असं मात्र नाही. पिसू उडते कशी, यावर १९६०-७०च्या दशकांत बरंच काम झालं. नुसत्या स्नायूने इतकी झपाट्याने उडी मारता येत नाही. पिसवेच्या छातीत रेझिलिन या रबरासारख्या प्रथिनाची गादी असते. पिसू ती आधी दाबून ठेवते आणि बेचकीचं रबर सोडावं तशी सोडते. इथवर मिरिअमबाई आणि हेन्री बेनेट-क्लार्क यांचं एकमत होतं. वाद होता तो जमिनीला रेटा कुठून बसतो यावर. मिरिअमबाई म्हणत, पायाच्या वरच्या भागातून, मांडीच्या मुळाजवळून. बेनेट-क्लार्क म्हणत, पावलातून. दोघांकडे वेगवान कॅमेऱ्याच्या फिल्मी होत्या, पण तेवढ्याने निकाल लागेना.

तो लागला २०११ साली, मिरिअमबाई जाऊन सहा वर्षं झाल्यावर. केंब्रिजचे ग्रेगरी सटन आणि माल्कम बरोज यांनी हेजहॉगवरच्या पिसवा घेऊन नव्या कॅमेऱ्यांनी उड्या टिपल्या. काही उड्यांमध्ये पायाचा वरचा भाग जमिनीला टेकलेलाच नव्हता, तरी उडीचा वेग तोच राहिला. रेटा पावलातून बसत होता, आणि पावलाच्या टोकाला पकड घ्यायला नख्या होत्या. पिसू कशी उडते हे ठरायला एवढा काळ जावा लागला. ती किती उंच उडते, हे मात्र परळच्या पिंजरे टांगणाऱ्यांना शंभर वर्षं आधीच कळलं होतं.