एंटर कोणी दाबायचं?

लातूरमधली एखादी नागरी सहकारी बँक धरा. खातेदारांचा हिशेब आता मुख्य शाखेच्या कपाटात नसतो, तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, क्लाउडवर असतो. सॉफ्टवेअर करणारी मंडळी पुण्यात. मार्चअखेरीस व्याज चुकीचं पडलं, तर दुरुस्ती पुण्याचा अभियंता करणार आणि जाब लातूरच्या बँकेला द्यावा लागणार. त्याला आत घेतल्याशिवाय भागत नाही, आणि एकटं सोडणं बरोबर नाही. म्हणून त्याचं काम बँकेचा माणूस शेजारी बसल्यासारखा पाहत असतो, दोघं दोन शहरांत असले तरी.

त्याला आत यायची वाट कशी आखतात ते देवगिरीचा किल्ला चढलेल्याला लगेच कळेल. भोवती खंदक, त्यावरून एकच अरुंद वाट, पुढे अंधारी. क्लाउडमध्येही डेटाबेसच्या सर्व्हरला इंटरनेटवरचा पत्ता देत नाहीत. त्याचा पत्ता खासगी असतो, बहुधा 10 ने सुरू होणारा. बाहेरून पोहोचता येतं ते एकाच छोट्या यंत्रापर्यंत. त्याला जंप सर्व्हर किंवा बॅस्टियन, म्हणजे बुरूज, म्हणतात. एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षितपणे कमांड देण्याची सोय, तिचं 22 आणि विंडोज रिमोट डेस्कटॉपचं 3389 ही पोर्टं, म्हणजे सर्व्हरची क्रमांकित दारं, आतल्या सर्व्हरवर फक्त या बुरुजावरून येणाऱ्यालाच उघडी असतात.

अभियंता आधी तिकीट टाकतो: कोणता सर्व्हर, काय काम, किती वेळ, कोणत्या कमांड. बँकेनं मंजुरी दिली की त्याला पासवर्ड न देता तासाभराच्या मुदतीचं एसएसएच प्रमाणपत्र मिळतं. सोबत फोनवर दर 30 सेकंदांनी बदलणारा कोड. फोनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं मागेपुढे असलं तर हा कोड नाकारला जातो, आणि मंडळी उगाच पासवर्ड बदलत बसतात. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. प्रमाणपत्राची मुदत संपली की नवं लॉगिन थांबतं, पण आधीच उघडलेलं सत्र तसंच चालू राहतं. ते वेगळं तोडावं लागतं.

एवढी तटबंदी करूनही घात होतो तो पाहणाऱ्यापाशी. जुलै 2025 मध्ये अमेरिकेत प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेनं उघड केलं, की तिथल्या संरक्षण खात्याच्या क्लाउडची देखभाल करायला मायक्रोसॉफ्ट चीनमधल्या अभियंत्यांची मदत घेत होती. मध्ये 'डिजिटल एस्कॉर्ट' म्हणून अमेरिकी माणसं बसवलेली होती. अभियंता सांगेल ती कमांड ती टाकत, पण त्या कमांडनं काय होईल हे ओळखण्याइतकं तांत्रिक ज्ञान त्यांतल्या अनेकांकडे नव्हतं. काही दिवसांतच कंपनीनं ही पद्धत थांबवली. नुसता पडदा पाहणं ही देखरेख नव्हे. पुढे काय घडणार हे ज्याला आधी सांगता येतं, त्यालाच पाहायला बसवावं.

समजा 212 खात्यांचं व्याज दुरुस्त करायचं आहे. ही खाती निवडणारी अट लावून आधी फक्त मोजणी करायची. आकडा 212 आला तर ट्रान्झॅक्शन उघडायचं, म्हणजे पुढचे बदल पक्के होईपर्यंत मागे घेता येतात, आणि मग त्याच अटीनं बदलाची कमांड. किती ओळी बदलल्या ते पडद्यावर येतं. पुन्हा 212 आलं तरच कमिट, म्हणजे बदल पक्का, आणि तो एंटर बँकेच्या माणसानं दाबायचा. 'व्हेअर', म्हणजे कमांडमधली ती अट, राहून गेली असेल तर इथे 212 ऐवजी बँकेची सगळी खाती दिसतील, आणि रोलबॅकनं, म्हणजे बदल मागे घेऊन, सारं पूर्ववत होईल. मात्र उघडं ट्रान्झॅक्शन ठेवून फोनवर बोलत बसू नये, त्या खात्यांवरचे व्यवहार काउंटरवर अडकतात. टेबलाची रचना बदलणाऱ्या कमांडला हा उपाय लागू नाही. मायएसक्यूएल आणि ओरॅकल या डेटाबेसमध्ये ती स्वतःच कमिट करते, तिथे आधीचा बॅकअपच कामाला येतो.

स्क्रिप्टचं, म्हणजे एका फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांडचं, दुखणं निराळं. पडद्यावर एक ओळ दिसते, आत चारशे असतात. म्हणून मंजुरी देतानाच फाइल वाचायची, तिचा एसएचए-256 ठसा, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं काढलेली 64 अक्षरांची खूण, तिकिटावर लिहायचा आणि चालवण्याआधी जुळवायचा. एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो.

सत्राच्या पडद्याचं रेकॉर्डिंग करतात, त्यात न दिसणाऱ्या वाटाही बुजवाव्या लागतात. एसएसएचमधून पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे त्याच जोडणीतून दुसरी छुपी वाट काढली, तर फाइल बोगद्यातून निघून जाते आणि पडदा शांत राहतो, म्हणून ती सोय बंदच ठेवावी. टीमक्स या सत्र जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सुरू केलेलं काम सत्र तोडल्यावरही मागे चालत राहतं. त्याहून मोठं भगदाड क्लाउडच्या कन्सोलमध्ये, म्हणजे सगळी यंत्रं सांभाळायच्या पानावर, असतं. ज्याला डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची परवानगी आहे, तो सर्व्हरवर पाऊलही न ठेवता सगळा डेटा दुसऱ्या यंत्राला जोडू शकतो. बुरुजाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे वीज जाते, तेव्हा पाहणाऱ्याचं कनेक्शन तुटलं की अभियंत्याचं सत्रही थांबलं पाहिजे, अशीच मांडणी हवी. राउटर यूपीएसवर घ्यावा, दुसऱ्या कंपनीचं मोबाइल इंटरनेट तयार ठेवावं.

नोंदी 180 दिवस जपाव्यात आणि सायबर घटना 6 तासांत कळवावी, असे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश आहेत. नोंदी क्लाउडवरच्या दुसऱ्याच खात्यात साठवाव्यात, जिथे अभियंत्याला पुसता येणार नाहीत. क्लाउडच्या नोंदींत वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेहून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असते. लातूरला रात्री 2.10 ला झालेलं काम तिथे आदल्या तारखेला 20.40 वाजता सापडतं. तिकिटावर दोन्ही वेळा लिहाव्यात.