लुमेन मोजू नका, कँडेला बघा

"खिशात मावेल असा, लांब फेकणारा टॉर्च सांग. निदान २००० लुमेनचा तरी हवा." ट्रेकवाले हेच विचारतात आणि रात्री पंपाची मोटार चालू करायला जाणारे शेतकरीही हेच. दुकानदारही मान डोलावून ३००० लुमेनचा डबा पुढे करतो. मागितलं अंतर, हातात पडला उजेड. दोन्ही एकच, असं समजून लोक वर्षानुवर्षं पैसे घालवतायत.

लुमेन काय ते घरचे एलईडी बल्ब घेऊन घेऊन सगळ्यांना कळलंय, म्हणून त्यात फार शिरत नाही. टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड म्हणजे लुमेन. तो कुठे पडतो, याच्याशी या आकड्याला देणंघेणं नाही.

कँडेला नेमकं तेच सांगतो: एका ठरावीक दिशेने प्रकाश किती जोरात जातोय. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी वाढत नाही, पण धार पलीकडच्या कुंडीपर्यंत पोचते. लुमेन म्हणजे पाणी, कँडेला म्हणजे धार.

आता डब्याच्या बाजूला जे बारीक छापलेलं असतं, ते वाचा. समजा एकावर लिहिलंय १२०० लुमेन, १२,१०० कँडेला, २२० मीटर. दुसऱ्यावर ५०० लुमेन, ६२,५०० कँडेला, ५०० मीटर. शंभरातले नव्वद जण पहिला उचलतात. तो चालू करून अंगणात धरला तर अंगण लखलखतं, शेजारीसुद्धा वाहवा करतो. पण १०० मीटरवरच्या विहिरीच्या काठावर पहिल्याचा उजेड जेमतेम १.२ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) पडतो आणि दुसऱ्याचा ६ लक्सच्या वर. निम्म्याहून कमी लुमेन, आणि लांबवर पाचपट उजेड.

यात छापलेल्या मीटरची एक गोम आहे. अमेरिकेत २००९ मध्ये टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं मानक आलं आणि बहुतेक बऱ्या कंपन्या तेच पाळतात. त्याप्रमाणे 'अंतर' म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स उरतो ती जागा. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. म्हणजे ५०० मीटर लिहिलंय तिथे तुमच्या टॉर्चने फक्त चांदणं पडलेलं असतं. तिथली वस्तू ओळखायची तर तो उजेड तिच्यावर आपटून परत तुमच्या डोळ्यापर्यंत यायला हवा. म्हणून मी छापलेल्या आकड्याचा सरळ निम्मा धरतो, आणि ओळखायची वस्तू काळपट असेल तर तिसरा हिस्सा.

हिशोब सोपा आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढा, दोनाने गुणा, मीटर मिळतात. १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४००. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट लागतो, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने विरळ होत जातो. हाच हिशोब खोटं पकडायलाही कामी येतो. तळहाताएवढ्या टॉर्चच्या डब्यावर '२ किलोमीटर रेंज' असं ठोकून दिलेलं असतं. २ किलोमीटरला १० लाख कँडेला लागतात. एवढ्याशा तोंडाच्या साध्या एलईडी टॉर्चला ते जमणारच नाही. डब्यावर कँडेलाचा आकडाच नसेल, तर लांबच्या कामासाठी तो टॉर्च मी हातातही धरत नाही.

मग लहान टॉर्चमध्ये कँडेला येतो कुठून? दोनच गोष्टींतून: रिफ्लेक्टरचं तोंड किती रुंद आणि एलईडीचा पिवळा ठिपका किती लहान व किती प्रखर. टॉर्च लांबवर कुणाच्या तरी हातात देऊन झोताच्या बरोबर समोरून पाहिलं तर आख्खा रिफ्लेक्टर पेटलेला दिसतो. (जवळून हा प्रयोग करू नका, डोळ्यांपुढे अंधारी येईल.) तो पेटलेला गोल जेवढा मोठा, तेवढा झोत जोरकस. ठिपका तोच ठेवून तोंडाचा व्यास दुप्पट केला की कँडेला चौपट आणि अंतर दुप्पट. म्हणून खिशात मावणाऱ्या टॉर्चमध्ये एकच छोटा एलईडी आणि खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टर शोधायचा. चार-चार एलईडी पाकळ्यांसारखे बसवलेले टॉर्च लुमेनचा आकडा फुगवतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला रिफ्लेक्टर येतो नखाएवढा. अंगणात शोभतात, बांधापलीकडे जात नाहीत.

आणि तो झूमवाला टॉर्च! पुढची मान ओढली की भिंतीवर चौकोन पडतो, तो एलईडीचाच फोटो असतो. त्या अवस्थेत बराच उजेड भिंगापर्यंत न पोचता आतल्या नळीवर आपटून वाया जातो. शिवाय सरकत्या मानेच्या फटीतून पाणी शिरायची भीती. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही.

तरी नुसत्या कँडेलाच्याही मागे लागू नका. जुन्नरकडे उसाला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला बिबट्याची धास्ती असते, म्हणून तो लांबचा झोत मागतो. पण बिबट्याच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला प्रकाश परत फेकणारा पडदा असतो. साध्या झोतातही ते डोळे बऱ्याच लांबून चमकतात. पायाजवळच्या घोणशीचं तसं नाही, आणि अरुंद झोतात नेमकी तीच निसटते. अशा शेतकऱ्याला झोताभोवती पसरट उजेड सोडणारा टॉर्च हवा. २०,००० ते ३०,००० कँडेला त्याला पुष्कळ झाले. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर धुकं उतरलं की कुठलाच आकडा कामाचा नाही, उजेड पांढरी भिंत होऊन अंगावर येतो. तेव्हा हेडलॅम्प काढून टॉर्च कमरेजवळ धरायचा, म्हणजे उजळलेलं धुकं नजरेच्या रेषेत येत नाही.

लेझरवर चालणारे एलईपी टॉर्च आता छोटे मिळतात आणि फेकतात अफाट. पण बाजूला उजेड जवळजवळ शून्य, म्हणजे समोरच्या डोंगरावरचं झाड दिसेल आणि पुढचा दगड नाही. हौसेला ठीक.

बाकीचं झटपट. आयपीएक्स हा आकडा टॉर्च पाणी किती अडवतो ते सांगतो. पावसासाठी आयपीएक्स ४ सुद्धा चालतं, ओढ्यात पडायची शक्यता असेल तर आयपीएक्स ७ किंवा ८ बघा. प्रकाशाचा रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा. छोटा टॉर्च फुल मोडवर लवकर तापतो आणि काही मिनिटांत आपला आपण मंद होतो. उजेड पाव झाला की अंतर निम्मं. म्हणून डब्यावरचा सगळ्यात वरचा मोड सोडून त्याच्या खालच्या मोडचा कँडेला दिलाय का, ते पाहून घ्या.

सेल मात्र नीट बघा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापाचा चांगला सेल ३,५०० एमएएचच्या आसपास थांबतो. '९,९०० एमएएच' छापलेला सेल खोटा आहे, स्वस्त असो वा महाग. टॉर्चबरोबर तो फुकट आला असेल तर टॉर्चच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. जरा जाडजूड टॉर्च चालत असेल तर २१७०० चा घ्या, साधारण ५,००० एमएएच मिळतात आणि तोंडही थोडं रुंद मिळतं. जादा सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा, किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांच्या खिशात नको.