फॅब्री रोगातील एन्झाइम उपचार

फॅब्री हा आनुवंशिक रोग. पेशींत आल्फा-गॅलॅक्टोसिडेज-ए हे एन्झाइम नसते किंवा अपुरे असते, त्यामुळे जीबी-३ हा स्निग्ध पदार्थ न पचता साचत जातो. मूत्रपिंडाच्या गाळण्यांतील पोडोसाइट पेशी त्याने भरून जातात. आधी लघवीतून प्रथिने जातात, मग गाळण्यांवर वण पडतात आणि पुष्कळ पुरुषांवर तिशी-चाळिशीतच डायलिसिसची पाळी येते. उणे असलेले एन्झाइम शिरेतून देणे हा यावरचा उपचार. दुकानातल्या एन्झाइमच्या गोळ्यांशी याचा संबंध नाही, आणि मधुमेहातून आलेल्या मूत्रपिंडविकारावरही तो चालत नाही.

युरोपात २००१ मध्ये दोन औषधांना मान्यता मिळाली : ॲगॅल्सिडेज आल्फा (किलोमागे ०.२ मिग्रॅ.) आणि ॲगॅल्सिडेज बीटा (किलोमागे १ मिग्रॅ.). दोन्ही दर दोन आठवड्यांनी, जन्मभर. बीटाच्या ३५ मिग्रॅ.च्या कुपीत ७.२ मिलि. निर्जंतुक पाणी घालतात. पाणी कडेने सोडावे, भुकटीवर धार धरू नये. कुपी हलकेच तिरपी करून फिरवावी. खळखळवली की फेस येतो आणि प्रथिन बिघडते. ७० किलोच्या रुग्णाला दोन कुप्या, म्हणजे १४ मिलि. द्रावण लागते. ते सलाइनमध्ये मिसळून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून देतात. पहिल्या वेळी वेग ताशी १५ मिग्रॅ.च्या वर नको, म्हणजे अशा रुग्णाला सुमारे पावणेपाच तास जातात. हुडहुडी भरून ताप आला तर वेग कमी करतात किंवा सलाइन थांबवतात, आणि पुढच्या खेपेला आधी पॅरासिटामॉल व ॲलर्जीचे औषध देतात. ज्यांच्या शरीरात हे एन्झाइम मुळीच बनत नाही, त्यांच्यात त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) जास्त तयार होतात.

सगळे अवलंबून आहे ते वेळेवर. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील जीबी-३ काही महिन्यांत निघतो, पोडोसाइटमधला फार सावकाश. वण पडलेली गाळणी तर परत चालू होत नाही. दिवसाला १ ग्रॅमहून अधिक प्रथिने जात असतील तर एन्झाइम देऊनही घसरण चालू राहू शकते. म्हणून जोडीला लघवीतील प्रथिने कमी करणारे रामिप्रिल किंवा लोसार्टन द्यावेच लागते. लहानपणी तळहात-तळपायांची आग, घाम न येणे, बेंबीभोवती व मांड्यांवर लालकाळे ठिपके या खुणा तेव्हाच ओळखल्या तर मूत्रपिंडाची बरीच वर्षे वाचतात. पुरुषांत रक्तातील एन्झाइम मोजून निदान होते. स्त्रियांत ते प्रमाण सामान्यही येते, तेव्हा हे एन्झाइम बनवणाऱ्या जीएलए जनुकाचीच तपासणी हवी. बाधित वडिलांच्या प्रत्येक मुलीत हा दोष उतरतो. तिची तपासणी टाळू नये.

भारतात २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात फॅब्रीचा समावेश आहे. मुंबईच्या केईएमसारख्या नेमलेल्या रुग्णालयांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मात्र मात्रा वजनावर ठरत असल्याने प्रौढ रुग्णाची ही रक्कम लहान मुलाच्या मानाने फार लवकर संपते.