भिंतीवर स्प्रे मारायचाय? कॅन घेण्याआधी हे वाचा

दुकानात येणारे बहुतेक जण आधी टोपणांचे रंग बघतात. आम्ही आधी भिंतीबद्दल विचारतो. प्लास्टर नवं आहे की जुनं, वर चुना आहे की डिस्टेंपर, दुपारनंतर ऊन येतं का, काम कोणत्या महिन्यात करायचंय. एवढं कळलं की निम्मी निवड झालीच.

पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते गाडीच्या टच-अप स्प्रेवर. तो स्वस्त असतो, पण बनलाय गुळगुळीत पत्र्यासाठी. खरखरीत सिमेंट तो पिऊन टाकतं, आणि भरून काढायला जास्त मारला की ओघळ येतात. भिंतीसाठी ग्राफिटीचाच कॅन घ्या, शक्यतो मॅट. मॅटवर ऊन चमकत नाही आणि थरावर थर नीट बसतो.

यातही दोन जाती. कमी दाबाच्या कॅनमधून रंग सावकाश येतो, त्यामुळे डोळे, अक्षरांच्या कडा, बारीक रेघा हातात राहतात. जास्त दाबाचा कॅन मोठा भाग झपाट्याने भरतो. पहिलंच चित्र असेल तर कमी दाबाचाच घ्या. रेघेची जाडी कॅपवर, म्हणजे बोटाने दाबायच्या नोझलवर ठरते: स्किनी कॅपने बारीक, फॅट कॅपने रुंद. काही कॅनमध्ये बारीक नळी कॅपला असते, काहींत कॅनलाच, म्हणून प्रत्येक कॅप प्रत्येक कॅनवर बसत नाही. इथेच लावून बघा.

400 मिलीच्या कॅनमध्ये एका हाताला साधारण 20 चौरस फूट भिंत होते. दहा बाय आठची भिंत म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीलाच चार कॅन! ती बाहेरच्या इमल्शनने रोलर फिरवून करा आणि कॅन चित्रासाठी राखा. आमची विक्री कमी होते, पण चित्र चांगलं होतं. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग कमी झाकतात. त्यांच्याखाली पांढरा द्या. फ्लोरोसंट रंग उन्हात सगळ्यांत आधी उडतात, बाहेरच्या भिंतीला ते आम्ही सुचवत नाही.

आता नागपूरचं ऊन. कॅनवर 50 अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा 45 च्या पुढे जातो, मग उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होत असेल? तिथे कॅन फुटू शकतो. घरी नेताना पिशवीत, सावलीतून न्या. नवतपात, म्हणजे मेअखेरीपासूनच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर भिंतही तव्यासारखी तापते. रंग हवेतच सुकतो आणि भिंतीवर भुकटी बसते. सकाळी नऊच्या आत काम उरका, नाहीतर हिवाळ्याची वाट बघा. पावसाळ्यात ओल आलेल्या, पांढरे क्षार फुटलेल्या भिंतीवर कितीही महाग रंग मारा, पोपडे धरणारच. चुना सुटत असेल तर खरवडून, धूळ झटकून प्राइमर द्या. नव्या प्लास्टरला निदान 28 दिवस तरी जाऊ द्या.

कूलर लावलेल्या बंद खोलीत स्प्रे मारू नका. दमट हवेत रंगाची छटा बिघडते, आणि कॅनमधला वायू पेट घेणारा असतो. कूलरच्या मोटरची एक ठिणगी पुरते. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही. त्यासाठी कार्बन काडतुसाचा मास्क लागतो. तो महाग वाटतो, तरी दोन कॅन कमी घ्या पण मास्क घ्या, ही आमची कळकळीची विनंती.

भिंत दुसऱ्याची असेल तर मालकाची लेखी परवानगी खिशात ठेवा. विनापरवाना रंगवणं 1995 च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण कायद्याखाली गुन्हा ठरतो.

वापरण्याआधी आतली गोळी मोकळी वाजू लागल्यावर आणखी दोन मिनिटं कॅन हलवा. काम संपलं की उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, म्हणजे कॅप तुंबणार नाही. रिकाम्या कॅनलाही भोक पाडू नका, आणि तो कचऱ्याबरोबर जाळू नका. आत वायू उरलेला असतो.

येताना भिंतीची लांबी-रुंदी आणि दिवसाउजेडी काढलेला फोटो आणा.