मॉनिटररहित संगणकवापर

पडदा, कीबोर्ड व माउस न जोडता संगणक चालवून, त्यावरील काम नेटवर्कमार्फत दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून करण्याची पद्धत. १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांशी टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापल्या जाणाऱ्या अक्षरांतून संवाद होई. या पद्धतीचा उगम तेथे शोधता येतो. परंतु त्या काळी पडदाच फारसा रूढ नव्हता. त्यामुळे १९६९ च्या सुमारास आलेल्या टेलनेटपासून, म्हणजे नेटवर्कवरून दूरचा संगणक चालवण्याच्या पद्धतीपासून, आरंभ धरणे अधिक सयुक्तिक. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जाई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यानंतर तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले; त्यात सारा संवाद कूटबद्ध होऊन जातो. फाइली पाठवण्याच्या एफटीपीचे २१ व टेलनेटचे २३ यांच्यामधले २२ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कवरचे प्रवेशद्वार) त्याला मिळाले.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात नोव्हेंबर २०१६ पासून एसएसएच मुळात बंद असते. त्याच्या मेमरी कार्डाच्या बूट (सुरुवातीच्या) विभागात ‘एसएसएच’ नावाची रिकामी फाइल (इंग्रजी लहान लिपीत) ठेवल्यास ते सुरू होते. विंडोजमध्ये तिला नकळत ‘टीएक्सटी’ शेपूट लागले तरी चालते. एप्रिल २०२२ पासून ठरावीक ‘पाय’ वापरकर्ताही काढून टाकल्याने नुसती फाइल पुरत नाही. कार्ड लिहितानाच इमेजर या प्रोग्राममध्ये वापरकर्ता, पासवर्ड, वाय-फाय व देश भारत हे सारे भरावे. देश राहिल्यास वाय-फाय बंदच राहू शकते.

जुना पीसी कीबोर्डविना सुरुवातीलाच अडतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘हॉल्ट ऑन’पुढे ‘नो एरर्स’ निवडावे, तसेच वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी. भारनियमनाच्या गावात ही दुसरी सोय अत्यावश्यक.

वरुड-मोर्शीकडील संत्रा बागेत ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी असे यंत्र बसवल्यावर ते अडखळले की दोष बहुधा गावच्या वीजलाइनला दिला जातो. वास्तविक १०० ते २४० व्होल्टचा चांगला अडॅप्टर कमी दाब बराच सोसतो. दाब पडतो तो बारीक, लांब यूएसबी वायरीत. पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टखाली गेला की पडद्यावर विजेचे चिन्ह येते, आणि येथे नेमका पडदाच नसतो. म्हणून ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा नियमाने द्यावी. उत्तर ‘०एक्स०’ नसेल तर वीज किंवा तापमान तपासावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना टिनाच्या बंद पेटीत प्रोसेसर ८० अंश गाठतो व स्वतःचा वेग कमी करतो.

मोबाइल डेटावर बहुधा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, म्हणून बाहेरून यंत्रापर्यंत थेट पोहोचता येत नाही. अशा वेळी बागेतल्या यंत्रानेच बाहेरच्या सर्व्हरकडे उलटा एसएसएच बोगदा उघडावा लागतो.

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत वीज गेल्यावरही चालणारे घड्याळ नाही. वीज गेली आणि रेंजही नसेल तर वेळ मागे राहते व पाणी भलत्याच वेळी सुटते. त्यासाठी डीएस३२३१ घड्याळ बॅटरीसह जोडावे.