सरकारी संगणकाचा धनी कोण?

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातले आठ जिल्हे प्रायोगिक म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. पैसा सगळा केंद्राचा, तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे म्हणजे एनआयसीकडे, आणि ज्या नोंदी संगणकात चढवायच्या त्या राज्याच्या महसूल खात्याच्या. जमीन हा विषय राज्यघटनेनेच राज्यांकडे सोपवलेला असल्याने दुसरे काही शक्यही नव्हते. सरकारी कामकाजाच्या डिजिटलीकरणात ठरवणारा कोण, बांधणारा कोण आणि चुकले तर उत्तर देणारा कोण, हा आज पुन्हा पुन्हा पुढे येणारा प्रश्न त्या आठ जिल्ह्यांतच उभा राहिला होता.

केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग १९७० मध्ये स्थापन झाला आणि एनआयसी १९७६ मध्ये. उपग्रहाद्वारे जिल्ह्यांना दिल्लीशी जोडणारे ‘निकनेट’ १९८७ च्या सुमारास आकाराला आले आणि १९८८ मध्ये एनआयसी नियोजन आयोगाच्या अखत्यारीत गेली. हा शेवटचा तपशील वाटतो त्याहून बोलका आहे. संगणक जिल्ह्यात पोहोचला तो मुख्यतः नियोजनाला आकडे हवे होते म्हणून. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला दाखला लवकर मिळावा, हा हेतू तेव्हा बराच खाली होता. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात एनआयसीची खोली असते, तिथला जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी काम जिल्ह्याचे करतो आणि नोकरी केंद्राची. ही दुहेरी रचना अजून मोडलेली नाही आणि माझ्या मते राज्यांची स्वतःची तांत्रिक फळी उभी राहायला उशीर झाला, त्याचे एक कारण तिच्यात आहे.

या साऱ्याला कायद्याचा आधार मिळाला तो माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे. इलेक्ट्रॉनिक नोंद आणि डिजिटल स्वाक्षरी यांना त्याने मान्यता दिली. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम ९ ने हेही सांगून ठेवले की, सरकारी कार्यालयाने कागदपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपात स्वीकारावे असा आग्रह धरण्याचा हक्क कोणालाही मिळणार नाही. थोडक्यात, खात्याची मर्जी असेल तर संगणक, नाही तर कागद.

राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेला मे २००६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा प्रथमच कारभाराची रचना अशी काही आखली गेली. सत्तावीस प्रकल्प ठरले. काही केंद्राचे, काही राज्यांचे, काही दोघांचे मिळून. संगणकांची राज्यव्यापी जाळी, राज्य डेटा केंद्रे आणि खेड्यापाड्यांत एक लाख सामायिक सेवा केंद्रे असा पाया ठरला आणि देखरेखीसाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली शिखर समिती बसली. पुढाकार केंद्राचा आणि अंमलबजावणी विकेंद्रित, हे तिचे सूत्र होते. सूत्र शहाणपणाचे होते, पण प्रत्येक खात्याने आपला प्रकल्प आपल्या कुंपणात बांधला आणि एका खात्याने दिलेला दाखला दुसऱ्या खात्याला पुन्हा कागदावर जोडून देण्याचे नागरिकाच्या कपाळी राहिलेच. सेवा ठराविक मुदतीत इलेक्ट्रॉनिक मार्गाने देण्याचे बंधन घालणारे विधेयक डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत आले आणि २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले, म्हणजे आपोआप बारगळले. राज्यांनी आपापले सेवा हक्क कायदे केले. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. त्यात पदनिर्देशित अधिकारी, अपिले, दंड हे सगळे आहे. हक्क मात्र ‘कायदेशीर, तांत्रिक व आर्थिक व्यवहार्यतेच्या’ अधीन आहे. या तीन शब्दांतला मधला शब्द सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्यांना चांगला परिचयाचा असतो.

दरम्यान ‘आधार’ने सगळा क्रमच उलटा केला. विशिष्ट ओळख प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये केवळ एका अधिसूचनेने, नियोजन आयोगाच्या छत्राखाली स्थापन झाले आणि ‘इन्फोसिस’चे सहसंस्थापक नंदन निलेकणी त्याचे अध्यक्ष झाले. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. संसदेपुढे विधेयक आले त्यानंतर, डिसेंबरमध्ये. आणि वर्षभराने यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने ते आहे त्या रूपात स्वीकारण्यास नकार दिला. नोंदणी थांबली नाही. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा झाला मार्च २०१६ मध्ये, धन विधेयकाच्या, म्हणजे राज्यसभेला अडवता न येणाऱ्या वाटेने. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निर्णय ऑगस्ट २०१७ मध्ये आला. पुढच्या वर्षी चार विरुद्ध एक मताने आधार टिकले आणि खासगी कंपन्यांना त्याचा वापर खुला करणारी तरतूद गेली. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडले आणि त्यातही राज्यसंस्थेच्या यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली.

१ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘डिजिटल इंडिया’ने जुन्या योजनांना एका नावाखाली आणले आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान हे स्वतंत्र मंत्रालय झाले. घोषणांपेक्षा जमिनीवरचे चित्र पाहायचे तर पुन्हा सातबाराकडे यावे लागते. महाराष्ट्रात २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्याने संगणकीकृत सातबारा गावापुढे वाचायचा आणि खातेदारांनी तो हस्तलिखिताशी ताडून पाहायचा, अशी ती पद्धत. कुठे क्षेत्राचा दशांश चिन्हाचा ठिपका सरकलेला, कुठे बहिणीचे नाव गळलेले, कुठे ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा फेडूनही तसाच उभा. संगणकाच्या युगातली ही दुरुस्ती पूर्वापार चालत आलेल्या चावडीवर झाली, ही गंमत मला फार मोलाची वाटते.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला आणि शिक्क्यासाठी तलाठी कार्यालयात खेटे घालण्याचे कारण उरले नाही. स्वाक्षरी मात्र तलाठ्याचीच राहिली. आज्ञावली (सॉफ्टवेअर) एनआयसीची असली, तरी उताऱ्यात लेखनप्रमाद म्हणजे लिहिण्यातली चूक निघाली तर खातेदाराने अर्ज करायचा तो तहसीलदाराकडे, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली.