बाळाच्या कवटीचे सांधे सोनोग्राफीत दिसतात
हाडातून ध्वनिलहरी जात नाहीत, म्हणून वाकड्या आकाराच्या डोक्यासाठी सीटी स्कॅनच हवा, हा समज चुकीचा आहे. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे तंतुमय ऊतींचे असतात. त्यामुळे उच्च वारंवारतेचा प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे, हातात धरायचे उपकरण) सांध्यावर आडवा धरला की हाडाच्या दोन पांढऱ्या रेषांमध्ये काळी फट दिसते, आणि सांधा अकाली जुळला असेल (त्यानेही डोके वाकडे होऊ शकते) तर त्या जागी सलग हाड दिसते. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. बाळ आईच्या मांडीवर असतानाही तपासणी होते, आणि हे मला फार मोलाचे वाटते. मात्र बाळ वर्षाचे झाल्यानंतर फट अरुंद झाल्याने ही तपासणी अवघड होते. कपाळावरचा सांधा तर साधारण ३ ते ९ महिन्यांत एरवीही मिटतो. निदान संदिग्ध असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर सीटी लागू शकतो.